वसमतची हळद आणि बाबांची ट्रंक

फाल्गुनात नांदेडहून वसमतची वाट धरली की गाव येण्याआधीच हळद येते. शेतांच्या कडेला कुकरची वाफ दिसते, उकडलेल्या कंदांचा मातकट वास गाडीत शिरतो आणि मोकळ्या जागांवर कांडी दोन-दोन आठवडे उन्हात वाळत पडलेली असते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. औंढ्याचे नागनाथ आणि संत नामदेवांची नर्सी यांमुळे महाराष्ट्र त्याला ओळखतो. आपण श्रावक तेथे जातो ते शिरड शहापूरच्या मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनासाठी.

या वेळी आईला घेऊन निघालो तेव्हा दर्शनाबरोबर आणखी एक काम होते. बाबांना जाऊन नऊ वर्षे झाली. त्यांच्या ट्रंकेत सात कंपन्यांची कागदी शेअर प्रमाणपत्रे निघाली होती. वसमतला आमच्या चुलत दादांची हळदीची अडत आहे. त्यांचा निरोप स्पष्ट होता : ‘कागद विका, माझ्याबरोबर हळद भरून ठेवा.’

दादांच्या गोदामात पोत्यांची थप्पी छताला भिडली होती. वसमत हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही गोष्ट त्यांनी घरच्या मुलाच्या निकालासारखी सांगितली. थांबण्याची विद्या या भागाला नवी नाही. पणन मंडळाच्या तारण योजनेत शेतकरी हळद गोदामात ठेवतो, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी उचलतो आणि भावाची वाट पाहतो. २०२३ च्या उन्हाळ्यात क्विंटलला ६-७ हजारांत गेलेली हळद त्याच पावसाळ्यात दुपटीला पोहोचली, तेव्हा थांबलेल्यांचे सोने झाले. पण दादांनीच दुसरी आठवणही सांगितली : २०१० मध्ये १५ हजारांच्या घरात असलेली हळद दोन वर्षांत ४-५ हजारांवर उतरली होती.

मला तेथे अमळनेर आठवले. जळगाव जिल्ह्यातल्या त्या गावी १९४५ साली वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली. तीच पुढे विप्रो झाली. गावातल्या अनेकांनी तिचे शेअर घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या ठेवले. ज्याच्याकडे २००४ च्या आरंभी १०० शेअर होते, त्याचे २००४, २००५, २०१०, २०१७, २०१९ आणि २०२४ च्या बोनसमुळे, एक पैसाही न घालता, ५,३३३ झाले. बोनस म्हणजे फुकटची संपत्ती नव्हे. एकाच भाकरीचे तुकडे वाढतात. मात्र या कंपनीत भाकरीही वाढत गेली. गोदामातले पोते दहा वर्षांनीही एक पोतेच असते, उलट थोडे घटते, किडीची धास्ती वेगळी. हळदीत थांबणारा भाव वाढण्याची वाट पाहतो. शेअर ठेवणारा एका चालत्या धंद्याचा भागीदार असतो. मी हे जरा आवेशानेच मांडले.

दादा शांतपणे म्हणाले, ‘‘मग काकांच्या सात भागीदाऱ्यांचं काय झालं?’’

उत्तर सोपे नव्हते. तीन कंपन्या केव्हाच बुडाल्या होत्या. प्रमाणपत्रांवरची सुबक नक्षी तेवढी उरली होती. एका कंपनीचा लाभांश सात वर्षे कोणी न घेतल्याने शेअर नियमानुसार गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेले होते. ते परत मागता येतात, पण कागदपत्रांचा डोंगर उपसावा लागतो. उरलेल्या तिन्हींचे मोल बरे होते. तेही आधी वारसाच्या नावे करून डीमॅट खात्यात आणावे लागणार, कारण कागदी शेअरचे हस्तांतर एप्रिल २०१९ पासून बंद आहे. घरात कोणालाच याची कल्पना नव्हती. बाबांनी ठेवले, आम्ही विसरलो, आणि या विसरण्याला मी आतापर्यंत दीर्घकालीन गुंतवणूक म्हणत होतो. दादा निदान रोज गोदामाचे कुलूप उघडून पाहतात.

दुसऱ्या दिवशी शिरड शहापूरला पूजा आटोपल्यावर धर्मशाळेच्या ओसरीवर मी अर्ज काढले. सही आईची लागणार होती. चष्मा पुसून तिने विचारले, ‘‘या तीन कंपन्या करतात काय?’’

एक औषधे बनवते, एक सिमेंट. तिसरीने अलीकडे मद्याचा कारखाना घेतला आहे, हे मलाही आदल्या रात्रीच तिचा वार्षिक अहवाल वाचताना कळले होते.

‘‘ह्यांनी घेतले तेव्हा होता का तो?’’

‘‘नव्हता.’’

‘‘मग ते विकून टाक. त्यात आपला भाग नको. बाकीचे दोन राहू दे. आणि नातीला सोबत बसव, तिलाही कळू दे कुठे काय आहे ते.’’

दादांना हळदीसाठी पैसे मिळाले नाहीत. त्यांनी मनाला लावून घेतले नाही. निघताना दहा किलो कांडी मात्र त्यांनी आग्रहाने गाडीत ठेवली. घरी पोहोचलो तेव्हा अर्जांची पिशवी कडेने पिवळी झाली होती.