बंद घाण्याची साक्ष

शुक्रवारी दुपार कलली की जेरुसलेमला घाई सुटते. महाने येहुदाच्या बाजारात उरलासुरला माल मिळेल त्या भावाने जातो आणि सूर्यास्ताच्या 40 मिनिटं आधी शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीचा, भोंगा वाजतो. ज्यू वस्त्यांतल्या बस, ट्राम तोवर थांबलेल्या असतात. धर्मशील वस्तीत नव्याने राहायला आलेल्याला मात्र खरा अभ्यास घरातच करावा लागतो. जेवण गरम ठेवणारी विजेची तबकडी आधीच लावायची, दिव्यांना टायमर बसवायचा, फ्रिजमधला दिवा आठवणीने काढून ठेवायचा. तो राहिला, तर दार उघडताच दिवा लागणार आणि शब्बाथ मोडणार. मग भरलेला फ्रिज शनिवारी रात्रीपर्यंत मिटलेलाच. परक्याला हा सगळा जाच वाटतो. पण या गोष्टी काही आठवड्यांत हाताला वळण लावतात. शिवाय निम्मं ओझं शहरच उचलतं: शनिवारी कचेरी नाही, परीक्षा नाही, गिऱ्हाईक नाही. अशा शहरात धर्म पाळणं सोपं असतं. अवघड असतं ते आपलं मानलं जाणं.

याच्या अगदी उलट चित्र आपल्या कोकणात होतं. अलिबाग-पेणच्या बाजूला बेने इस्रायलांना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, गावकरी ‘शनवार तेली’ म्हणत, कारण त्यांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद असत. तिथे भोंगा नव्हता. शेजारची चूल पेटलेली, शेतावर माणसं गेलेली, बाजार आपल्या वारी भरणारा; आणि त्यात एकाच अंगणातला बैल मोकळा उभा. दारी आलेल्या गिऱ्हाइकाला ‘उद्या या’ म्हणताना दर वेळी थोडं नुकसान सोसावं लागत असणार. पण त्या नकारातूनच गावाला त्यांची ओळख पटली. बंद घाणा हीच साक्ष होती. दुसरी कोणी मागितली नाही.

1948 नंतर हेच लोक हजारोंनी इस्रायलला गेले. जिथे शनिवार सगळ्यांचाच सुट्टीचा वार, तिथे शनिवारने कोणाची ओळख पटणार? 1962मध्ये तिथल्या प्रमुख रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कार्यालयाने विवाह नोंदवणाऱ्यांना फर्मावलं की, बेने इस्रायलांच्या आईकडच्या पिढ्या शक्य तितक्या मागे जाऊन तपासाव्यात. यावर कोणी म्हणेल, धर्मशास्त्रात विवाह-घटस्फोटाचे नियम काटेकोर आहेत, चौकशी करणं रब्बींचं कामच होतं. कबूल. पण शंका व्यक्तीवर नव्हती, नाव घेऊन एका अख्ख्या जमातीवर होती. 1964मध्ये जेरुसलेममध्ये धरणं धरलं गेलं, संसदेने हे लोक सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला, तेव्हा कुठे आदेशातून जमातीचं नाव निघालं. शतकानुशतकं एकट्याने जपलेल्या व्रताचा दाखला ज्याच्याकडे मागितला गेला, त्याला ‘नियम सर्वांना सारखे’ हे सांगणं मला आजही बोचतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कोकणातल्या एकटेपणात परंपरा झिजली होती; हिब्रू प्रार्थनांपैकी ‘शमा’ तेवढी उरली होती असं बेने इस्रायलांचीच परंपरा सांगते, आणि बाकीचं शिकवायला कोचीनहून ज्यू शिक्षक यावे लागले. ग्रंथ, गुरू, प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष, धर्मनियमाप्रमाणे कापणारा ‘कोशेर’ खाटीक हे शहरच देतं, हे खरं. पण शहर देतं म्हणून त्याने माणसं मोजण्याचं मापही एकच ठेवावं, असं ठरत नाही. जेरुसलेममधल्या बार-इलान रस्त्याचा वाद असाच होता. शब्बाथला प्रार्थनेच्या वेळी रस्ता बंद ठेवणं मुळातच अयोग्य आहे, असं इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने 1997मध्ये म्हटलं नाही. पण त्याच भागात राहणाऱ्या, धर्म न पाळणाऱ्या रहिवाशांचा विचार केला नाही म्हणून मंत्र्यांचा तो बंद ठेवण्याचा निर्णय रद्द केला. धार्मिक शहराची चूक होते ती अशी: व्रत बरोबर, पण शेजारी मोजायचा राहतो.

नवख्याने शहराचा शनिवार शिकावा, ही अपेक्षा रास्त आहे. पण तो कसा जगला, हे पाहिलेल्या शेजाऱ्याचा शब्दही शहराने कागदाइतकाच खरा धरायला हवा. कोकणातल्या हिंदू-मुसलमान गावकऱ्यांना ते जमलं होतं, आणि त्यासाठी त्यांना कुठला धर्मग्रंथ उघडावा लागला नव्हता.