छायाचित्राची मागची बाजू

कोणाला कशाचा छंद लागेल याचा नेम नाही. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी नाणी. जर्मनीतील एका शिक्षकाला छंद होता तो पहिल्या महायुद्धातील सैनिकांची छायाचित्रे जमविण्याचा. रविवार उजाडला, की तो जुन्या बाजारात जाई आणि धूळ बसलेली खोकी तासन् तास चाळीत बसे.

युद्धकाळात अशी पुष्कळ छायाचित्रे पोस्टकार्डाच्या जाड कागदावर छापीत. सैनिकाने मागे चार ओळी लिहाव्यात आणि लष्करी टपालाने कार्ड घरी धाडावे. त्याला तिकीट लागत नसे. शिक्षकाचे सारे लक्ष मात्र पुढच्या बाजूवर असे. डोक्यावर टोकदार शिरस्त्राण असेल, तर चित्र बहुधा युद्धाच्या पूर्वार्धातले. पोलादी असेल, तर १९१६ किंवा त्यानंतरचे. खांद्यावरील आकड्यावरून पलटण ओळखावयाची, असा त्याचा अभ्यास चाले.

एकदा एका कार्डावर अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा त्याच्या दृष्टीस पडला. गणवेश अंगाला सैल, ओठांवर दाबून धरलेले हसू. मागे पेन्सिलीने काही लिहिले होते; पण शिक्षकाला त्यातले एक अक्षरही लागेना. भाषा त्याची स्वतःचीच, आणि तरीही लिखाण परके! ते 'कुरेंट' नावाच्या जुन्या वळणाचे होते. पूर्वी जर्मन मुले शाळेत अशीच अक्षरे गिरवीत. १९४१ साली नाझी सरकारने हे जुने वळण शाळांतून काढून टाकले आणि पुढे आजोबांची पत्रे नातवंडांना वाचता येईनाशी झाली. आपल्याकडील घरोघरचे मोडी कागद आज असेच मुके होऊन पडले आहेत.

शिक्षक पुन्हा विद्यार्थी झाला. जुने कित्ते मिळवून तो ती अक्षरे गिरवू लागला. या वळणातला 'ई' थेट 'एन'सारखा दिसतो. 'यू'च्या डोक्यावर लहानशी कमान काढलेली असते, तिच्यावरूनच तो ओळखावयाचा. हातात भिंग धरून तो त्या कार्डावर वाकला. पहिला शब्द लागला, 'गेफालन'. तो दचकला. या शब्दाचा अर्थ 'रणांगणावर पडलेला'. पण मेलेला मनुष्य स्वतःच्या हाताने असे कसे लिहील?

दोन संध्याकाळी खर्ची पडल्या, तेव्हा कोठे सबंध वाक्य उलगडले : 'आई, हे चित्र तुला आवडेल ना?' जर्मन भाषेत 'आवडणे' यालाही 'गेफालन' हाच शब्द आहे! आपल्या फजितीचे शिक्षकाला हसू आले.

कार्ड ठेवून देताना त्याचे लक्ष खालच्या कोपऱ्याकडे गेले. तेथे शाईने, निराळ्या हाताने, तोच शब्द पुन्हा लिहिला होता : 'गेफालन'. पुढे १९१६ सालातील एक तारीख होती. या खेपेला त्याचा अर्थ 'आवडणे' नव्हता.

शिक्षकाच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. त्या पोराच्या पलटणीचा आकडा त्याला पहिल्याच दिवशी कळला होता; पोरगा मात्र आज कळला.

तेव्हापासून कोणतेही चित्र हाती आले, की तो आधी ते उलटून पाहतो. मागचा मजकूर आजच्या अक्षरांत एका चिठ्ठीवर उतरवितो आणि ती चिठ्ठी चित्रासोबत जपून ठेवतो. शिरस्त्राणे हजारोंची सारखीच असतात. 'आई' हा शब्द मात्र प्रत्येकाने आपापल्या अक्षरात लिहिलेला असतो.