बळद आणि बळ

गेल्या हिवाळ्यात पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत मी मुलाखतीला गेले होते. समोरच्या गृहस्थांनी माझ्या अर्जातील 'प्रकल्प' हा रकाना वाचला आणि विचारले, "यातला खरा प्रकल्प कोणता?" रकान्यात तीन नोंदी होत्या: मराठी शब्दांची अकारविल्हे लावणारी आज्ञावली, एकाच शब्दाची दोन लेखनरूपे ओळखणारी आज्ञावली आणि करमाडच्या शेताघरातील ४१२ शब्दांचा कोश. माझ्या वर्गातील इतरांच्या अर्जांत खरेदीची संकेतस्थळे असतात, उपाहारगृहांची हिशेबाची ॲप असतात. त्यांपुढे माझी यादी त्यांना छंदासारखी वाटली असावी. मी काहीतरी उत्तर दिले. ते त्यांना पटले नाही आणि ती नोकरी मला मिळाली नाही. त्याची तक्रार नाही. पण प्रश्न मनातून गेला नाही. कारण तिसऱ्या प्रकल्पात माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती आणि ती मी तेथे सांगितली नव्हती. साहित्याच्या अभ्यासकांना ती संगणकवाल्यांपेक्षा लवकर कळेल, असे वाटते. म्हणून येथे लिहिते आहे.

करमाड हे छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. निजामाच्या काळात आलेली मनमाड-हैदराबादची रेल्वे गावावरून जाते. अलीकडे शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आणि तिच्या पाठोपाठ ऑरिक ही उद्योगनगरी आमच्या उंबऱ्याशी येऊन ठेपली. वडील पहिल्या पाळीला एका कारखान्यात कंत्राटी काम करतात आणि दुपारनंतर उरलेल्या तुकड्यात कपाशी आणि तूर बघतात. मला खरे तर मराठी घेऊन बी.ए. करायचे होते. घरात एकीचा तरी महिन्याचा पगार ठरलेला असावा, या हिशेबाने अभियांत्रिकीला गेले. तो हिशेब चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. घरी आलेला पहिला संगणक म्हणजे कोणीतरी वापरून टाकलेला लॅपटॉप. त्यावर पायथन शिकताना पुस्तकातली उदाहरणे कंटाळवाणी वाटली, तेव्हा मी मराठी शब्दांशी खेळू लागले.

पहिला खेळ अकारविल्हेचा. शे-दोनशे शब्दांची यादी दिली आणि 'क्रमाने लाव' अशी आज्ञा केली. यादी आली, पण 'बळ' हा शब्द 'बहर'च्या आधी बसला होता आणि 'क्षमा' थेट 'क'च्या घरात शिरली होती. शाळेतील तक्त्यावर शेवटी ह, ळ, क्ष, ज्ञ असा क्रम असतो. तो यंत्राला ठाऊक नव्हता. त्याच्या लेखी प्रत्येक अक्षर हा एक क्रमांक. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८ च्या 'इस्की' या भारतीय संकेतावर आधारलेली आहे आणि त्या संकेतात अनेक भारतीय लिप्या एकाच चौकटीत बसवलेल्या होत्या. म्हणून तेथे 'ल'च्या शेजारी 'ळ' आणि त्यानंतर 'व' येतो. 'क्ष'ला तर स्वतंत्र क्रमांकच नाही. क, हलन्त आणि ष असे त्याचे तुकडे साठवले जातात. ही कोणाची चूक नव्हे. एका सोयीसाठी केलेली ती निवड होती. मराठीचा क्रम हवा असेल तर तो यंत्राला वेगळा सांगावा लागतो. मी तो वीस-पंचवीस ओळींत सांगितला आणि 'बहर' पुन्हा 'बळ'च्या आधी आली. त्या रात्रीचा आनंद आजही आठवतो.

दुसरा प्रकल्प शोधातून निघाला. एका मजकुरात 'दुसऱ्या' हा शब्द शोधला, तर यंत्राने निम्मीच ठिकाणे दाखवली. डोळ्यांना तर तो सर्वत्र सारखाच दिसत होता. मराठीतील हा अर्धा र हे आपले वैशिष्ट्य. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हा फरक त्याच्यावरच उभा आहे. पण संगणकात तो दोन प्रकारे साठवता येतो: खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त यांनी, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. पडद्यावर एक असलेले शब्द यंत्राच्या लेखी दोन. मी दोन्ही रूपे एकत्र आणणारी आज्ञावली लिहिली. ती बरोबर होती. जे मुळात एकच आहे त्याला एक म्हणणे, एवढेच ती करत होती. पण वेगळे दिसणारे एक करता येते, याची मला तेथे गोडी लागली.

तिसऱ्या प्रकल्पाची सुरुवात याच्या बरीच आधीची. ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले. टाळेबंदीत जालन्याहून रुळांच्या कडेने चालत ते मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या चपात्यांचे छायाचित्र देशभर पाहिले गेले. मी तेव्हा शाळेत होते. एका दिवसात आमच्या गावाचे नाव सर्वांना कळले. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा संगणकावर 'करमाड' शोधले, तेव्हा आधी ती बातमी आली आणि मग औद्योगिक भूखंड. ती बातमी मागे सरावी असे मला कधी वाटले नाही. ती माणसे आता आमच्या गावाच्या इतिहासात आहेत. पण ज्या गावात शेकडो वर्षे लोक पेरतात, मळतात, दळतात, त्याच्याविषयी यंत्रापाशी दुसरे काहीच असू नये, हेही मनाला लागले. मी आजीपाशी बसले आणि तिचे शब्द फोनमध्ये मुद्रित करू लागले.

आजी शाळेत गेली नाही. जात्यावर बसून ओव्या म्हणणाऱ्यांच्या शेवटच्या पिढीतली ती. तिच्यापाशी प्रत्येक वस्तूला नाव होते. घरात बांधून काढलेले धान्याचे कोठार म्हणजे बळद. तिफणीवरचे, ज्यातून बी सोडतात ते चाडं. जुवाची खुंटी म्हणजे शिवळ. बैलाच्या नाकातली येसण, हातातला इळा, सुगीतले खळं. शब्द एका रकान्यात, त्याचा अर्थ दुसऱ्या रकान्यात, अशी ४१२ शब्दांची तालिका तीन वर्षांत तयार झाली. फोन भरत आला, तेव्हा सारे उतरवून झाले आहे असे समजून मी जुनी मुद्रणे पुसून टाकली.

मग मला यादी नीटनेटकी करण्याची इच्छा झाली. दोन शब्द एकमेकांपासून किती दूर आहेत, हे मोजण्याची एक रीत सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडली. एका शब्दाचा दुसरा करण्यासाठी किती चिन्हे घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात, ते मोजायचे. लेखनातल्या चुका शोधणाऱ्या कितीतरी आज्ञावल्या या कल्पनेवर चालतात. 'येसण' आणि 'वेसण' यांत एक पायरी, 'इळा' आणि 'विळा' यांत दोन. मी प्रमाण मराठी शब्दांची एक यादी घेतली आणि आज्ञा दिली: आपल्या तालिकेतील जो शब्द या यादीत नाही, पण यादीतल्या एखाद्या शब्दापासून दोन पायऱ्यांच्या आत आहे, तो त्या शब्दाने बदल. त्या फाइलला मी 'शुद्धीकरण' असे नाव दिले होते. ती चालली, निकाल त्याच तालिकेत जतन झाला आणि मी समाधानाने झोपले.

सकाळी पाहिले तर 'बळद'चे 'बळ' झाले होते. 'चाडं'ची 'चाड' आणि 'शिवळ'चा 'शिव'. ६३ शब्द बदलले होते. अर्थाचा रकाना शाबूत होता, म्हणून आई आणि शेजारच्या बायका यांना विचारून ५२ शब्द परत मिळाले. ११ मिळाले नाहीत. त्यांतल्या एका ओळीत अर्थ आहे, 'भाकरी थापताना काठाला पडणारी चीर'. आणि शब्दाच्या जागी 'वाट' उभा आहे. 'वाट'पासून दोन पायऱ्यांवरचे सारे संभाव्य शब्द काढणारी आणखी एक आज्ञावली मी लिहिली. हजारो निघाले. त्यांत तो असणारच, पण तो कोणता हे ओळखू शकणारी एकच व्यक्ती होती आणि तोवर तिला विसरण्याचा आजार जडला होता.

याच जिल्ह्यातील पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे सांगायला नको. नाथांच्या पाठाविषयी अभ्यासकांचे पुढे मतभेद झाले, वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून वेगळा पाठ छापला, तो त्याच वादाचा एक भाग. पण शुद्ध करणे हा शब्द ज्या गांभीर्याने तेथे येतो, तो मी एका फाइलला सहज देऊन टाकला. नाथांसमोर अनेक प्रती होत्या. माझ्यापाशी एकच प्रत होती आणि मी तिच्यावरच लिहिले. जे पाठभेद होते त्यांना मी मुद्रणदोष मानले. दुसऱ्या प्रकल्पात जी गोष्ट न्याय्य होती, तीच तिसऱ्यात अन्याय ठरली. 'दुसऱ्या'ची दोन रूपे यंत्राने निर्माण केली होती. 'येसण' आणि 'वेसण' ही दोन माणसांच्या तोंडची रूपे होती. हा फरक गणिताला दिसत नाही. तो मला दिसायला हवा होता.

नंतर मी हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या कामाविषयी वाचले. या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल यांनी त्यांचा संगणकीय संग्रह उभा केला आणि आता तो पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियावर क्रमाने प्रसिद्ध होतो. तेथे ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव असते. ते वाचल्यावर माझ्या तालिकेत काय नव्हते, हे कळले. माझ्याकडे शब्द होते. ते कोणी उच्चारले, हे मी कोठेच लिहिले नव्हते. आजी तर घरातलीच, तिचे नाव काय लिहायचे, असे वाटले होते.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आईने आजीला चुलीपाशी बसवले. हात विसरलेले नाहीत. पीठ मळून तिने भाकरी थापायला घेतली. काठाला चीर पडली. मी बोट दाखवून विचारले, "आजी, ह्याला काय म्हंतेत?" तिने माझ्याकडे पाहिले, आत्याच्या नावाने मला हाक मारली आणि म्हणाली, "भाकर म्हंतेत बाई." आई हसली, मीही हसले. आजीने ओल्या बोटाने चीर बुजवली आणि भाकरी तव्यावर टाकली.

आता तालिकेत पाच रकाने आहेत: बोललेला शब्द, प्रमाण रूप, अर्थ, कोणी सांगितला आणि कधी. पहिल्या रकान्यात कोणतीही आज्ञावली काही लिहू शकणार नाही, अशी तजवीज केली आहे. त्या ११ ओळींत पहिला रकाना रिकामा ठेवला आहे आणि पुढे 'शब्द माझ्या हातून गेला' एवढे नोंदवले आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा एक मुलाखत आहे. पगार हवाच आहे, आणि खरेदीचे एक संकेतस्थळही मी आता करून ठेवले आहे. पण खरा प्रकल्प कोणता, असे कोणी विचारलेच, तर या वेळी त्या ११ ओळींपासून सुरुवात करीन.