सक्तीचा खेळ

मागे एकदा एम. ए. च्या वर्गाला आम्ही 'ब्रह्मचारी' दाखविला. आचार्य अत्रे यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेला हा १९३८ चा विनोदी बोलपट. ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकून भारावलेला औदुंबर नट्यांची चित्रे फेकून देतो, आचार्यांच्या संस्थेत दाखल होतो आणि किशोरी भेटताच त्याचा निग्रह विरघळतो. सेवाग्रामच्या इतक्या जवळ राहून हे दाखवावे की नाही, अशी धाकधूक आमच्या मनात होती. मुले मात्र मनमुराद हसली. मग एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, युद्ध सुरू झाल्यावर या लेखकाने काय लिहिले?"

'ब्रँडीची बाटली' (१९३९), 'अर्धांगी' (१९४०), 'पायाची दासी' (१९४१) अशी नावे आम्ही सांगितली. त्याच सुमारास सरकारही चित्रपटांकडे वळले होते. युद्धप्रयत्नांच्या प्रचारासाठी १९४० मध्ये फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड निघाले. व्ही. शांताराम काही काळ त्याचे मुख्य निर्माते होते. १९४३ मध्ये त्याची जागा इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडियाने घेतली आणि सरकारमान्य लघुपट दाखविणे चित्रपटगृहांना सक्तीचे झाले.

हे सांगताना आम्हांला आजोबा आठवले. ते आमच्याच जिल्ह्यातील आष्टीचे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी तेथील पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला. गोळीबार झाला, गावची माणसे पडली. पोलीसही मारले गेले. आजोबा त्याविषयी क्वचितच बोलत. पुढे तालुक्याच्या गावी ते सिनेमाला जात, तेव्हा पडद्यावर युद्धाचा माहितीपट लागला की उठून बाहेर विडी ओढीत उभे राहत आणि मुख्य चित्रपट सुरू झाल्यावरच आत येत.

माहितीपट म्हणजे सत्य आणि विनोद म्हणजे करमणूक, असे आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. पण त्या माहितीपटांतील कारखाने आणि सैनिक खरे असूनही आष्टीला त्यांत जागा मिळणे शक्य नव्हते. पैसा आणि हेतू दोन्ही सरकारचे होते. अत्र्यांचा औदुंबर तर सर्वस्वी कल्पित. तरीही आपल्याच काळातील, आपल्याच माणसांच्या आदर्शांना हसण्याची मुभा त्याने प्रेक्षकाला दिली. विनोदकाराने आष्टीची कथा सांगितली, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तीही बाजू रितीच राहिली.

त्या मुलीला आम्ही एवढेच म्हणालो, की कोणताही पट पाहताना तो कोणी काढविला हे आधी विचारावे. आजोबांनी हा प्रश्न कधी शब्दांत विचारला नाही. ते नुसते उठून बाहेर जात.