विडीचा कप

निपाणीच्या वाऱ्याला तंबाखूचा वास असतो, हे बाहेरगावच्या पाहुण्याला सांगावे लागत नाही. त्याला आधी शिंका येतात. आमचे बोरगाव त्याच पट्ट्यातले. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने, कात्री आणि दोरा, असे घेऊन इथल्या बायका पिढ्यान् पिढ्या विड्या वळत आल्या आणि मजुरी हजारावर मोजत आल्या.

९ मार्च १९९६ रोजी बंगळूरला विश्वचषकाचा उपउपांत्य सामना होता. भारत विरुद्ध पाकिस्तान! आमच्या सोप्यात अर्धी गल्ली दाटीवाटीने बसली होती. आमिर सोहेलने चौकार मारला, बॅट सीमारेषेकडे दाखवली आणि पुढच्याच चेंडूवर व्यंकटेश प्रसादने त्याचा त्रिफळा उडवला. त्या क्षणी ‘हाण’ आणि ‘होडी’ एकाच दमात उठले. प्रसाद, कुंबळे, श्रीनाथ तिघेही कर्नाटकाचे. पाटी मराठीत की कन्नडमध्ये, यावर सकाळी तावातावाने भांडणारी माणसे रात्री त्यांच्या नावाने गळा फोडत होती. भारत ३९ धावांनी जिंकला.

कोपऱ्यात आत्या विड्या वळत होती. पडद्यावरचे नाव कुणीतरी मोठ्याने वाचले, तशी तिने विचारले, “विल्स म्हंजे काय रं?”

“सिगारेट, आत्या.”

“मग आमच्या विडीचा कप का न्हाई?”

सगळे हसले. पण मंडळी, प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पान तंबाखूचेच, धूरही छातीतच जायचा. तरी सिगारेट ऐटीची आणि विडी गड्याची! ही प्रतवारी लावली कुणी? जाहिरातीने. ज्या खेळाला दमसास लागतो, त्याच खेळाला दमसास खाणाऱ्या वस्तूचे नाव दिले. वस्तूचा एकही गुण सांगावा लागला नाही. खेळाडूची ऐट आपोआप पाकिटाला चिकटली. त्याच स्पर्धेत कोकाकोला ‘अधिकृत’ पेय झाले, तर पेप्सीने त्या अधिकृतपणाचीच टिंगल करून भाव खाल्ला. मैदानात एक लढाई, तर दोन षटकांच्या मध्ये दुसरी!

ज्यांच्या हातांनी हा धंदा उभा राहिला, त्यांची जाहिरात मात्र कुणी केली नाही. निपाणीच्या वखारींतल्या कामगार बायकांवर ‘युगांतर’ या गटाने १९८२ साली एक माहितीपट केला, तेवढाच काय तो त्यांच्या वाट्याचा पडदा. पुढे २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या चित्राने व्यापला, विडीच्या बंडलालाही त्यातून सूट नाही. पण जाहिरात हुशार. ती वेलचीचे आणि पानमसाल्याचे सोंग घेऊन पुन्हा हजर झाली.

लढाईचेही असेच सोंग निघते. सामना म्हणजे युद्ध, गोलंदाज म्हणजे तोफ, हरणे म्हणजे देशाची अब्रू जाणे. खरे तर खेळ हा युद्धाला किती चांगला पर्याय! आखाड्यात पाठ टेकली तरी पैलवान उठून जिंकणाऱ्याला मिठी मारतो आणि रात्री आपल्या घरी भाकरी खातो. पण पर्यायालाच युद्धाचा शिक्का मारून विकले की खरे युद्धही सामन्यासारखे वाटू लागते.

८ जून १९९९. कारगिलच्या शिखरांवर लढाई चालू होती आणि मँचेस्टरला पुन्हा भारत-पाकिस्तान. प्रसादने २७ धावांत ५ बळी घेतले, भारत ४७ धावांनी जिंकला. गल्लीत फटाके उडाले. शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. त्यांचा मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत. बेळगावच्या केंद्रात शिकून बाहेर पडलेला. महिनाभर त्याचे पत्र नव्हते. फटाक्यांचा धूर निवळल्यावर त्यांनी मला हळूच विचारले, “जिंकलं न्हवं? मग आता पोरं घरी सोडतील का रं?”

मला उत्तर देता आले नाही. त्या दिवशी मँचेस्टरला हरलेले अकरा जणसुद्धा हॉटेलात जाऊन जेवले होते, आणि खेळाचे सारे मोल तेवढ्यातच होते. काकूंचे पत्र पावसाळ्यात आले. चार ओळींचे, ख्यालीखुशालीचे. ते त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाकडून वाचून घेतले.