जीप विकतांना

वडील बंधु निवर्तल्यापासून त्यांची कापडी टपाची जीप शेवगांवीं आमच्या अंगणांत उभीच होती. ती चालविण्याची विद्या घरांत दुसऱ्या कोणास नाहीं. महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलिस जीप जुळविण्यास आरंभ केला, त्याच वंशांतील ही. बंधूंनीं पेट्रोलच्या जागीं डिझेल एंजिन बसविलें व पुस्तकांत तशी नोंदहि करविली. टप मात्र वहिनींनीं घरींच शिवलेला.

पुण्याचे एक गृहस्थ ‘व्हिंटेज’ म्हणून दुप्पट किंमत देऊं लागले. आम्हीं त्यांस स्पष्ट सांगितलें कीं, २०२१ च्या नियमांप्रमाणें गाडी ५० वर्षांहून जुनी असून भागत नाहीं. सांगाडा, एंजिन मूळचींच हवींत. पाणिनि आदेशास स्थान्याप्रमाणेंच मानतो. मोटारखात्याच्या शास्त्रांत ती सोय नाहीं! गृहस्थ परतले. चिरंजीव दोन दिवस आमच्याशीं बोलले नाहींत. वहिनी एवढेंच म्हणाल्या, “भाऊजी, त्यांनींहि हेंच सांगितलें असतें.”

पुढें गांवच्याच एका ऊंसवाल्यानें ती निम्म्या किंमतींत घेतली. नमुना २९ व ३० वर सह्या झाल्या. १४ दिवसांत खात्यास कळविणें आमच्याकडे, ३० दिवसांत त्याच्याकडे. टप वहिनींनीं उतरवून घेतला. नवा तो शिवून घेणार आहे.