ऋतूचे कलम

लखनौच्या हजरतगंजातून कैसरबाग फार दूर नाही. पं. विष्णू नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून 1926 साली या शहरात मॅरिस कॉलेज सुरू झाले. पंडितजी मूळचे वकील. रागांना त्यांनी प्रहर वाटून दिले ते एखादी संहिता सिद्ध करावी अशा निष्ठेने. परंतु तिच्यात अपवादाचे एक कलम राहिले. मियाँमल्हार मध्यरात्रीचा, पण वर्षाऋतूत तो केव्हाही गावा. वसंत रात्रीच्या अंतिम प्रहराचा, पण आपल्या ऋतूत त्याला वेळेचे बंधन नाही. घड्याळाने आखलेल्या व्यवस्थेत पावसाला ही मोकळीक का मिळाली, याचे उत्तर स्वरशास्त्रात शोधू नये. ते श्रोत्याच्या मनात आहे.

शास्त्राने जे अपवाद म्हणून मान्य केले, तोच अवध-पूरबच्या लोकगीतांचा नियम. फागुनात होरी, चैतात चैती, सावनात कजरी. महाराष्ट्रातून तिथे गेलेल्या विद्यार्थ्याची पहिली अडचण पंचांगाची. उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपतो. म्हणून रंग खेळून झाले की चैत लागतो, आणि चैतीचे सूर कानी येतात तेव्हा त्याच्या हिशेबी फाल्गुन वद्यच चालू असते. पाडवा अजून पंधरा दिवस दूर. कान मात्र तिथी पाहत नाही. कडुनिंबाची पानगळ, आंब्याचा मोहर, लू सुटण्यापूर्वीची सकाळ एवढे त्याला पुरते.

ऋतू प्रसन्न असला की माणसाला प्रसन्न गाणी हवीशी वाटतात, हा समज वरवरचा आहे. कजरी ऐकणाऱ्याला पावसाचे वर्णन नको असते. पाऊस तर खिडकीबाहेर पडतच असतो. त्याला हवे असते न आलेले माणूस. पूरबचे पुरुष पोटासाठी कलकत्ता-रंगूनला गेले, मागे राहिलेल्या स्त्रियांनी झुल्यावर बसून जे गायिले, त्यात मेघ हा निमित्तमात्र.

1938 साली लखनौला आकाशवाणी केंद्र आले. लग्नानंतर गाणे थांबलेल्या बेगम अख्तर 1949 मध्ये याच केंद्रावरून पुन्हा गाऊ लागल्या. त्यांच्या गळ्यातली चैती-कजरी ध्वनिमुद्रिकांतून बारमाही झाली. आज हजरतगंजातल्या एखाद्या वातानुकूलित दुकानात, जेठाच्या भर दुपारी, कजरी लावायला कोणाची आडकाठी नाही. सूर तेच, आवाज तोच. बाहेर काचेपलीकडे लू वाहत असते, आणि ऐकणारा दोन-तीन ओळींनंतर नकळत आभाळाकडे पाहतो.